अब्बांच्या गाडीची किल्ली

आमच्या घराच्या दाराशी भिंतीत एक खिळा आहे. अब्बा एस.टी.त होते तेव्हा त्यावर त्यांचा खाकी शर्ट असायचा. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मारुती घेतली आणि त्या खिळ्यावर गाडीची किल्ली आली. ती तिथून कुणी उचलायची नाही, असा घरात कुणी न केलेला पण सगळ्यांनी पाळलेला नियम होता. तो नियम मी मोडला. मोडला ते बरोबर केलं की चूक, हे मी स्वतःला विचारत असतो. पण मला जास्त छळणारा प्रश्न वेगळाच आहे. मोडला, तो ज्या रीतीने मोडला ती रीत बरोबर होती का?

अब्बा १९७३ साली एस.टी.त ड्रायव्हर म्हणून लागले आणि २००५ साली निवृत्त झाले. यातली बरीच वर्षं कराड-चिपळूण मार्गावर गेली. पाटण, कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरायचा, रात्री चिपळूणला मुक्काम आणि सकाळी परत घाट चढायचा. पावसाळ्यात त्या घाटात ढग रस्त्यावर उतरतात, समोर दहा हातांवरचं दिसत नाही. बत्तीस वर्षांत अब्बांच्या हातून एकही अपघात झाला नाही. निरोपाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ दिल्यावर त्यांना बोलायला उभं केलं. भाषण त्यांना कधीच जमलं नाही. एवढंच म्हणाले, की गाडीत बसलेला प्रत्येक माणूस अमानत असतो, ती अमानत ज्याची त्याला पोचवली. आणि खाली बसले.

असा माणूस हळूहळू विसरायला लागला. सुरुवातीला आम्ही ते वयावर घातलं. एकच गोष्ट दोनदा सांगायचे, दुकानात पैसे देऊन पुन्हा द्यायला जायचे. एकदा जुम्मा पढून निघाले ते दोन तासांनी घरी आले. मशीद घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. 'कुठं होता?' म्हटलं तर 'गर्दी होती' म्हणाले. गाडीच्या डाव्या अंगाला नवे ओरखडे दिसू लागले. ते कुठं लागले हे त्यांना सांगता येईना आणि मीही फार विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

डॉक्टरांनी त्यांना एक कागद दिला आणि घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. हा माणूस आयुष्यभर वेळापत्रकावर जगला. पहाटे पाच पंचेचाळीसची गाडी पाच पंचेचाळीसलाच सुटली पाहिजे यासाठी जेवण अर्धं टाकून उठला. त्यांनी गोल काढला आणि बाराही आकडे उजव्या बाजूला एकाखाली एक लिहिले. काटे काढायचे राहिले. मग कागद डॉक्टरांपुढे सरकवून माझ्याकडे बघून हसले, परीक्षेत पास झालेल्या मुलासारखे. निदान झालं ते अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख माणसांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे शंभरातले सात. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असं एखादं घर असणारच. आपण त्याला 'सठिया गये' म्हणतो आणि विषय बदलतो.

या आजाराच्या दोन गोष्टी डॉक्टरांनी मला समजावून सांगितल्या. पहिली अशी, की हातापायांची सवय उशिरा जाते. क्लच, गिअर, ब्रेक हे अब्बांच्या अंगात मुरलेलं होतं, ते शाबूत राहिलं. जाते ती चारी बाजूंना एकाच वेळी लक्ष ठेवण्याची, अंतर ओळखण्याची आणि क्षणात ठरवण्याची शक्ती. त्यामुळे शेजारी बसलेल्याला वाटतं, काय सुंदर गाडी चालवतात! आणि नेमकं त्यातच फसायला होतं. दुसरी गोष्ट अशी, की आपल्याला आजार आहे हे रोग्याला बरेचदा कळतच नाही. तो हट्ट करत नसतो. ज्या मेंदूने उणीव ओळखायची, उणीव त्यातच झालेली असते. आजार कळला त्याच दिवशी प्रत्येकाची गाडी थांबवावी लागते असंही नाही, हेही त्यांनी सांगितलं. सुरुवातीच्या काळात काहीजण थोडे दिवस नीट चालवू शकतात. पण ओळखीच्या वाटेवर चुकणं आणि गाडीवर कारण न सांगता येणारे ओरखडे दिसणं, ही खूण झाली की वाट बघायची नाही.

मी वाट बघितली. डॉक्टरांनी सांगितल्यावरही तीन आठवडे बघितली. सोमवारी सांगू, आपा आली की सांगू, ईद होऊ दे मग सांगू.

ईदनंतर चौथ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी अब्बांनी गाडी वळवली आणि सायकलवरचा एक मुलगा खाली पडला. कोपर सोललं, सायकलचं चाक वाकलं, बाकी काही झालं नाही. अब्बा उतरले, त्याला उचललं, स्वतःच्या रुमालाने रक्त पुसलं. मुलाचा बाप आला. तो लहानपणी अब्बांच्याच गाडीने पाटणला शाळेत जायचा. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "चाचा आहेत म्हणून गप बसतो. पण सर, तुम्ही शिकलेले आहात."

त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. बराच वेळ नमाजच्या चटईवर बसून होते. सकाळी उठून चहा घेतला, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि निघाले. मी आडवा झालो. कालची गोष्ट काढली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांच्यावर खोटा आळ घेतोय. त्यांना आठवतच नव्हतं. रात्रीचं सगळं दुःख झोपेत पुसून गेलं होतं.

तौबा करायची तर आधी चूक आठवावी लागते, हे त्या सकाळी माझ्या ध्यानात आलं. माणूस चुकतो, पस्तावतो, सुधारतो, यावर आपला सगळा नैतिक व्यवहार चालतो. अब्बांसाठी हा रस्ता बंद झाला होता. ते रोज सकाळी बत्तीस वर्षांच्या बेदाग नोकरीसह जागे होणार आणि रोज किल्ली उचलणार. आपल्याकडे सांगितलं जातं, की झोपलेला, लहान मूल आणि ज्याची अक्कल शाबूत नाही असा माणूस, या तिघांच्या बाबतीत हिशोब लिहिणारं कलम उचललेलं असतं. हे ऐकून मला दिलासा वाटायला हवा होता, पण भीती वाटली. अब्बांच्या खात्यावर लिहिलं जाणार नसेल तर त्या मुलाचं कोपर कुणाच्या खात्यावर जाईल? रक्त तर सांडलं होतं. बंद्यांचे हक्क बंद्यानेच माफ करायचे असतात. ज्याला कळत नाही तो सुटला, पण ज्याला कळतं तो कसा सुटेल? घरात कळणारा मी होतो. ईदपर्यंत थांबलेला मी होतो.

मोठे भाई दुबईत असतात. फोनवर म्हणाले, "गाडी विकून टाक, उगीच विचार करत बसू नको." लांबून असं बोलणं सोपं असतं, आणि त्यांचं खरंही होतं. आपा इथंच असते. ती मात्र चिडली. "तुला लाज नाही वाटत? ज्या हातांनी आपल्याला खाऊ घातलं त्या हातांतनं किल्ली काढून घेणार?" तिने सूरह बनी इस्राईलची आठवण दिली. आई-बाप म्हातारे झाले तर त्यांना 'उफ' सुद्धा म्हणू नये, त्यांच्याशी आदरानेच बोलावं, असा तिथला हुकूम आहे. तो आपल्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ असतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अम्मा काहीच बोलली नाही. ती पुढच्या डाव्या सीटवर सतरा वर्षं बसली होती. तिला गाडी येत नाही. किल्ली गेली म्हणजे तिचं मलकापूरच्या बहिणीकडे जाणंही गेलं, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी आलिम नाही, मराठीचा शिक्षक आहे. मशिदीतल्या मौलानांपुढे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी एका प्रसिद्ध हदीसची आठवण करून दिली. आपल्या भावाला मदत करा, मग तो जुल्म करणारा असो की सोसणारा, असं पैगंबरसाहेबांनी सांगितलं तेव्हा लोकांनी विचारलं, की जुल्म करणाऱ्याला मदत कशी करायची? उत्तर मिळालं, की त्याचा हात धरून. मौलाना म्हणाले, "तुमचे वालिद जालिम नाहीत. पण हात धरणं ही मदतच आहे, बेअदबी नाही." घरी येऊन मी सूरह निसाचा तर्जुमा काढला. ज्यांना सांभाळायची समज नाही त्यांच्या हाती माल सोपवू नये, असं तिथं सांगितलं आहे. हा अर्धा भाग मला माहीत होता. त्याच आयतमध्ये पुढे आहे, की त्यांना खायला द्या, नेसायला द्या आणि त्यांच्याशी चांगलं बोला. काढून घेण्याचा आणि देण्याचा हुकूम एकाच दमात आलेला आहे. पहिला पाळून दुसरा विसरणाऱ्याने निम्मा हुकूमही पाळला असं म्हणता येणार नाही, असं मला वाटू लागलं.

मनात एक पळवाट होती, सरकार काहीतरी करेल. अब्बांचं लायसन २०२१ साली पाच वर्षांसाठी नवं झालं होतं. पंचावन्न वर्षं पुरी झालेल्यांना ते एका वेळी पाचच वर्षांचं मिळतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६ प्रमाणे, आजारामुळे माणूस गाडी चालवायला लायक राहिलेला नाही असं मानायला सबळ कारण असेल तर लायसन रद्द करता येतं किंवा डॉक्टरचा दाखला मागता येतो. पण कचेरीला हे कळणार कसं? कुणीतरी सांगितलं तरच. म्हणजे फिरून पुन्हा मीच. कायद्याचा आधार होता, पण पहिलं बोट घरातल्या माणसालाच उचलायचं होतं. आणि लायसन रद्द झाल्याचा कागद अब्बांना दाखवला असता, तरी दुसऱ्या दिवशी तोही आठवला नसता.

शेवटी मी सोपं ते केलं. एका रात्री गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन लावली आणि सकाळी सांगितलं, "अब्बा, गाडी कामाला दिलीय. इंजिनचं काम आहे." अब्बा म्हणाले, "बरं केलंस." मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, "मेरी गाडी कां हाय रे?" मी परत सांगितलं. दिवसातून पाच वेळा, सहा वेळा. चौथ्या दिवशी ते चालत गॅरेजवर पोचले. मेस्त्रीने मला फोन केला आणि मी त्यालाही खोटं बोलायला लावलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, मग शेजाऱ्यांना. एका संध्याकाळी मी घरात शिरत होतो तेव्हा मुलगी त्यांना सांगत होती, "दादा, गाडी गॅरेज में हाय, कल आयेगी." आजोबांना आमच्याकडे दादा म्हणतात. सांगून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलायचं नाही हे तिला ज्या माणसाने शिकवलं होतं त्यालाच ती फसवत होती, आणि हे तिला मी शिकवलं होतं. मी एक खोटं बोललो होतो. महिन्याभरात ते गल्लीभर झालं.

तेव्हा मी ठरवलं, की खरंच सांगायचं. अब्बांना समोर बसवलं, हात हातात घेतला. म्हटलं, तुम्हाला विसरायचा आजार झालाय. गाडी चालवणं आता धोक्याचं आहे. गेल्या महिन्यात एक मुलगा पडला. ते दचकले. "बच्चा? उसकू लगा क्या?" त्यांचे ओठ थरथरायला लागले. मला बरं वाटलं, की निदान आता आमच्यात खरं आहे. पण सकाळी त्यांनी पुन्हा गाडी कुठं आहे विचारलं. मी पुन्हा खरं सांगितलं आणि ते पुन्हा तसेच दचकले, तसेच रडले. त्यांच्यासाठी तो मुलगा त्या क्षणी पहिल्यांदा पडला होता. तिसऱ्या दिवशी मला सांगवेना. एका चुकीची सजा एकदा द्यायची असते. खरं बोलण्याच्या नावाखाली मी त्यांना तीच सजा रोज नव्याने देत होतो.

खोटं वाईट असतं हे आपण शिकतो. खरं बोलणं जुल्म होऊ शकतं हे कुणी शिकवत नाही. दोन्ही वाटा बंद झाल्यावर माणसाने कुठं जावं?

वाट दाखवली ती एका निवृत्त कंडक्टरने. अब्बांबरोबर त्यांनी अकरा वर्षं कुंभार्ली घाट केला. हिंदू माळकरी माणूस. आमच्याकडे ईदला शिरखुर्म्याला यायचे आणि आषाढीला आमच्यासाठी खजूर आणायचे. आजारपणाचं कळल्यावर भेटायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं, आपा म्हणत होती तेही. ते म्हणाले, "बाळ, एस.टी.त एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. गाडी तुझ्या अब्बांच्या हातात असायची, पण मागचं दार त्यांना दिसायचं नाही, मला दिसायचं. मी एक घंटी मारली की ते का म्हणून विचारायचे नाहीत, आधी ब्रेक दाबायचे. माझ्यापेक्षा वयाने मोठे, पगाराने मोठे. पण त्यात त्यांना कधी अपमान वाटला नाही. आता मागचं त्यांना दिसत नाही, तुला दिसतंय. घंटी तू मारायचीस."

मग ते अब्बांजवळ जाऊन बसले. अब्बांनी त्यांनाही गाडीचं विचारलं. ते म्हणाले, "ड्रायव्हर, आपली ड्युटी झाली की. सगळे प्रवासी उतरले. आता काय घाई? चला, चहा घेऊ." अब्बांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी सैलपणा आला. "सब उतरे?" "सगळे उतरले." दोघं चहाला गेले.

हे खोटं होतं का? मी यावर बराच विचार केला. ड्युटी खरोखरच संपली होती, २००५ सालीच. प्रवासी खरोखरच सुखरूप उतरले होते. पण मी शब्दांच्या खेळात अडकणार नाही, कारण गॅरेजवालं वाक्यही शब्दशः खरंच होतं, गाडी गॅरेजमध्येच होती. फरक मला दुसरीकडे दिसतो. माझं वाक्य मला वाचवण्यासाठी होतं, अब्बांच्या रागापासून आणि त्यांच्या नजरेपासून. त्यात 'उद्या येईल' अशी आशा होती आणि ती आशा रोज त्यांना खिळ्यापाशी आणत होती. कंडक्टरकाकांचं वाक्य अब्बांसाठी होतं. गाडी कुठं आहे असं विचारणाऱ्या माणसाला खरं विचारायचं होतं, माझं काम राहिलंय का? त्याचं उत्तर त्यांना मिळालं.

तेव्हापासून मी उत्तर द्यायच्या आधी विचारतो, "अब्बा, कुठं जायचंय?" जुम्म्याला जायचं असेल तर जुम्म्याला नेतो. कधी म्हणतात डेपोत, तर स्टँडवर घेऊन जातो. गाड्या लागतात, सुटतात, ते बघत बसतात. किल्ली घ्यायला एक रात्र पुरली. किल्लीच्या बदल्यात जे द्यायचं ते रोज द्यावं लागतं. आपाने रविवार घेतला. अम्माला महिन्यातून दोनदा बहिणीकडे नेण्याचं काम तिच्या मुलाने घेतलं. भाई दुबईहून रिक्षाचे पैसे पाठवतात, त्यांनाही मी सूट दिली नाही. आपल्यात वडिलांची इज्जत फार बोलली जाते. इज्जतीला वेळ लागतो आणि तो वेळ कुणाचा, हे ठरवायचं मात्र राहून जातं. बहुतेक वेळा तो सुनेचा ठरतो, न विचारता. आमच्याकडेही सुरुवातीला तसंच झालं, हे कबूल केलं पाहिजे.

गाडी आम्ही विकली. माझ्या मनाला एक समजूत आहे, की निरोपाच्या दिवशी अमानतीचं बोलणारे अब्बा आज समोर आले तर ते स्वतःच किल्ली माझ्या हातावर ठेवतील. मी त्यांचाच हुकूम पाळला. पण या समजुतीवर मी फार भार टाकत नाही. जुन्या अब्बांच्या तोंडी आपल्याला हवं ते घालणं फार सोयीचं असतं. शिवाय आज ज्यांचा हात खिळ्याकडे जातो तेही अब्बाच आहेत आणि त्यांचं दुःख जुन्या अब्बांच्या संमतीने कमी होत नाही. खिळ्यावर आता त्यांची नमाजची टोपी असते. बाहेर निघताना हात सवयीने तिकडे जातो, टोपी मिळते, ती घालतात आणि चालू लागतात. काही दिवशी मात्र टोपी हातात घेऊन बराच वेळ खिळ्याकडे बघत उभे राहतात. तेव्हा मी काही बोलत नाही, शेजारी उभा राहतो.

मी पन्नाशी ओलांडली आहे. आपल्यात वसीयत लिहून ठेवण्यावर फार भर आहे, पण आपण ती जमीन-जुमल्यापुरतीच धरतो. मी एका कागदावर माझ्या मोटारसायकलबद्दल लिहून ठेवलं आहे. मी वाटेत चुकायला लागलो आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर माझ्याकडून किल्ली घ्यावी. त्या दिवशी मी जे बोलेन ते मनावर घेऊ नये. मला एकदा, फार तर दोनदा खरं सांगावं, त्यापुढे सांगू नये. आणि मला कुठं जायचं होतं ते विचारावं.

कागद मुलीला वाचून दाखवला. ती आता नववीत आहे. म्हणाली, "पण अब्बा, तुम्ही तेव्हा भांडालच."

मी म्हटलं, "भांडेन. तरी घे."